दातावर दात

मॅटीचा दात काढायचा होता. वरचा डावा सुळा, शेजारच्या दातावर चढून बसलेला. शाळेतली पोरं तिला 'करवत' म्हणायची, त्यामुळे बारा वर्षांची ही मुलगी हसताना आधी तोंडावर हात धरायची. तारा लावून दात सरळ करणं म्हणजे आम्हा आमिश लोकांत चोचले. आम्ही उपटून मोकळे होतो.

लँकेस्टरच्या दवाखान्यात भिंतीवर टीव्ही चालू होता. गिडियन आजोबांनी आल्या आल्या तिन्ही खुर्च्या उलट फिरवल्या आणि टीव्हीकडे पाठ करून बसले; टीव्ही आमच्यात वर्ज्य. समोर दात कसे घासावेत याचा तक्ता लावलेला होता. तो त्यांनी मन लावून वाचायला घेतला.

"अजून विचार कर गं," सॅव्हिला मुलीला म्हणाली. आठवडाभर ती हेच म्हणत होती. "तुझ्या बाबांना अगदी असाच होता."

"तू उगाच समजूत काढतेस माझी. आजोबा, होता का हो?"

आजोबा तक्ता वाचत राहिले. मुलगा गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. विषय निघाला की त्यांना घोड्याला पाणी दाखवायची आठवण व्हायची.

बेन्युएल गेला तेव्हा मॅटी पोटात होती. फोटो आम्ही काढत नाही, काढू देत नाही. बाप कसा दिसायचा हे मुलीला दाखवायला सॅव्हिलाकडे काही म्हणजे काही नव्हतं. होता तो हा एक दात, आणि तोही आता घटकाभराचा सोबती.

तेवढ्यात मागून हातोड्यांचा आवाज आला. एक-दोन नाही, पन्नास-साठ हातोडे एकदम. हा आवाज आमच्या माणसाला झोपेतही कळतो. टीव्हीतला कोणीतरी सांगत होता, "हे आमिश लोक एका दिवसात अख्खं कोठार उभं करतात." मॅटी वळली. सॅव्हिलाची मानही वळलीच.

वीज पडून जळालेलं शेजारच्या लॅप कुटुंबाचं कोठार पुन्हा उभं राहत होतं. तेरा वर्षांपूर्वीचं. रस्त्यावरून लांबून कोणीतरी गुपचूप टिपलं असावं. वर आढ्यावर एकजण डाव्या हाताने खिळे ठोकत होता. त्याच्या निळ्या सदऱ्याला कोपरावर हिरवं ठिगळ होतं. सॅव्हिलाने ते लावलं तेव्हा घरातलं निळं कापड संपलं होतं.

सॅव्हिला ताडकन उभी राहिली. "बेन्युएल! पाय सांभाळ!"

दवाखान्यातली सगळी माणसं तिच्याकडे बघायला लागली. तिला त्याची शुद्ध नव्हती. तेरा वर्षांनी नवरा दिसत होता आणि तो आढ्यावर उभा होता.

मग भलतंच झालं. बेन्युएल एक पाऊलही न टाकता जवळ यायला लागला. बोटाएवढा होता तो हाताएवढा झाला, मग नुसती पाठ, मग मान, मग कान. कानामागचा तीळसुद्धा दिसला. देवा, हा तीळ ती विसरून गेली होती.

"मॅटी, बघ. तुझे बाबा."

त्याने मान वळवली. वळवली आणि कॅमेरा पाहिला. आता तो काय करणार हे सॅव्हिलाला पक्कं ठाऊक होतं. आमच्यातला कोणीही तेच करेल. तरी ती पुटपुटली, "एकदाच. एकदाच इकडे बघ."

बेन्युएलने गवताची टोपी खस्सकन नाकापर्यंत ओढली.

पण टोपी ओढून तो हसला. भरभरून हसला. काठाखाली तेवढं तोंड उघडं राहिलं होतं, आणि त्यात वर डावीकडे दातावर दात चढून बसला होता.

लगेच साबणाची जाहिरात लागली.

"मॅटी पीटरशाइम?" दारातून नर्सने हाक मारली. "चल बाळा, डॉक्टर थांबलेत."

मॅटीचा हात सवयीने तोंडाकडे गेला. अर्ध्यावरून तिने तो खाली घेतला.

"मला नाही काढायचा."

"अगं, घाबरू नकोस. मुंगी चावल्यासारखं..."

"नाही म्हणाली ना ती," आजोबा बोलले. ते अजून तक्त्याकडेच तोंड करून बसले होते. मग तसंच बसून त्यांनी विचारलं, "सॅव्हिला, टोपी ओढली का त्याने?"

"हो, आजोबा. ओढली आणि हसला."

"हसणारच. लबाड आहे बेन्युएल."

ते उठले. त्यांनी खुर्ची फिरवली. आता हे टीव्ही बघतात की काय, असं सॅव्हिलाला वाटलं. आजोबांनी खुर्ची मॅटीसमोर ठेवली, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली.

"हस बघू," ते म्हणाले.

मॅटी हसली. या वेळी हात वर आला नाही.

आजोबा बघत राहिले. 

"परत एकदा," ते म्हणाले.