तेलाचा पडदा

शेवंताबाईंचं रक्त यंत्रातून फिरत होतं. एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला आम्ल आणि मध्ये तेलाचा केसाहून पातळ पडदा. बारा वर्षं भंगाराच्या शेडमध्ये जुन्या मोटारींतले चुंबक फोडताना त्यांच्या अंगात भिनलेला, हात थरथरवणारा धातू तेवढा तो पडदा पलीकडे जाऊ देत होता.

अचानक पडद्यावर सुरकुती उठली. यंत्र सांभाळणारी निलोफर चटकन पुढे वाकली. पडदा फाटला असता तर आम्ल थेट रक्तात गेलं असतं.

"मावशी, बंद करते मी."

"नको गं! हात अजून थरथरतोय. पुन्हा नंबर लागायला वर्ष जाईल."

निलोफरने रक्ताचा वेग निम्म्यावर आणला आणि बंद करायच्या बटणावर बोट ठेवून ती श्वास रोखून बघत राहिली. सुरकुती काठापर्यंत सरकली, थबकली आणि हळूहळू विरून गेली.

तासाभराने सुया निघाल्यावर शेवंताबाईंनी हात समोर धरला. तो जराही हलत नव्हता. निलोफरचे डोळे भरून आले.

"बरं झालं बाई," शेवंताबाई हसत म्हणाल्या. "आता सोमवारपासून शेडवर परत घेतील. थरथरत्या हातात हातोडा देत नाहीत ते."