वर धरलेलं बोट

"बोट वर, मॅडम, बोट!" विभागप्रमुख पुन्हा ओरडले, आणि तिचा टाका पुन्हा वाकडा पडला.

टेबलावर रबराची बनावट कातडी होती, तिच्यावर लांब चीर. समोर सर्जरीचे परीक्षक ओळीने बसलेले. ही तिची शेवटची संधी होती. आज नापास झाली, की सर्जन होणं विसरायचं आणि बॅग उचलून घरी जायचं. सुई धरायच्या चिमट्यावर तर्जनी टेकवली, की तिचा हात अगदी स्थिर राहायचा. पण इथे ते चालत नसे. इथली तर्जनी चिमट्यापासून वर, ताठ, हवेत! तशी धरली की तिचा हात लटलट कापायचा.

पद्धत म्हणजे पद्धत. पहिले सोडले, तर आजवरचे सगळे प्रमुख याच खोलीत शिकले, एकमेकांच्याच हाताखाली तयार झाले आणि एकामागून एक त्याच खुर्चीत बसले. बाहेर शिकलेल्या माणसाला त्या खुर्चीच्या वाऱ्यालाही कधी उभं राहू दिलं नाही. भिंतीवर त्यांचे फोटो होते, सगळे एका माळेचे मणी. आपण कुणाचे शिष्य, हे नुसत्या बोटावरून ओळखू येतं, याचा त्यांना कोण अभिमान! गेल्या वर्षी दोन चांगली पोरं या बोटापायी घरी गेली. कुणाला काही वाटलं नाही.

"हे बघा, असं," म्हणत प्रमुखांनी दुसरा चिमटा उचलला. त्यांची तर्जनी झेंड्याच्या काठीसारखी उभी राहिली.

"थांब." कोपऱ्यातून आवाज आला.

हा विभाग सुरू करणारे थोरले सर आज पाहुणे म्हणून आले होते. निवृत्त होऊन जमाना लोटलेला. वय नव्वदीच्या पुढे, ऐकू कमी, पण नजर शाबूत. आता हिची काही खैर नाही, असं सगळ्यांना वाटलं.

पण थोरले सर प्रमुखांकडे बघत होते. "बोट असं का धरलंयस रे?"

"तुमचीच पद्धत ना, सर!" प्रमुख हसले. "तुमच्या शिष्यांकडून शिकलो. आपल्या घराण्याची खूण आहे ती."

थोरल्या सरांनी आपला उजवा हात वर केला. हात थरथरत होता. तर्जनी तेवढी ताठ.

"डॉक्टरकीला जायच्या आधी मी छापखान्यात कामाला होतो. यंत्रात सापडलं हे. तेव्हापासून वाकतच नाही. छापखान्यातला सर्जन म्हणून लोक हसतील, या लाजेपायी कधी बोललो नाही." त्यांनी ओळीने सगळ्यांकडे पाहिलं. "पण तुमची बोटं तर धडधाकट होती ना?"

सगळे त्या एका बोटाकडे बघत राहिले.

"तू ठेव गं बोट खाली," थोरले सर तिला म्हणाले. "घाल टाका."

तिने तर्जनी टेकवली. टाका सरळ पडला. मग दुसरा, मग तिसरा.

प्रमुखांच्या हातात चिमटा तसाच होता. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी आपली तर्जनी हळूच त्याच्यावर टेकवायला घेतली. ती खाली येईना.