लाल दिव्याची तीन मिनिटं

"हेही नाही जमत," आनंदराव म्हणाले आणि हातातली वस्तू त्यांनी काउंटरवर ठेवून दिली.

महाल भागातल्या त्या विजेच्या सामानाच्या चिंचोळ्या दुकानात ही तिसरी वस्तू नापास झाली होती. दुकानदार ओमप्रकाशने चौथ्या खोक्यासाठी हात वर केला आणि तसाच ठेवला. या आठवड्यात आनंदराव चार वेळा येऊन रिकाम्या हाताने गेले होते. आज पाचव्या खेपेला त्यांची बायको प्रेमिलाही आली होती, आणि तिच्यासोबत तिचं ऑक्सिजनचं मशीन. चाकांचं, मोठ्या सुटकेसएवढं ते मशीन दुकानाच्याच बोर्डाला लावलेलं होतं. त्याची नळी नाकाशी लावून ती स्टुलावर बसली होती. वस्तू घेतल्याशिवाय ही बाई उठणार नाही, हे कोणालाही कळलं असतं.

शनिवारी निघायचं होतं. पुतण्या रोशनने बुटीबोरीच्या वर्कशॉपमध्ये गाडीमागे ओढायचं छोटं घर बांधून दिलं होतं. आत पलंग, पंखा, एवढीशी मोरी. प्रेमिलाला सांचीचा स्तूप बघायचा होता. वाटेत बैतूलला ढाब्यावर मुक्काम करायचा, ढाब्याच्या बोर्डातून वायर ओढायची आणि त्या विजेवर मशीन चालवायचं. त्या विजेचा भरवसा काय, इथे आनंदरावांचं घोडं अडलं होतं. तेहतीस वर्षं लाईनमन होते ते. विजेला त्यांच्याइतकं ओळखणारा माणूस त्या गल्लीत नव्हता, आणि आता तिला त्यांच्याइतका घाबरलेलाही नव्हता.

"काकाजी, हे सर्ज प्रोटेक्टर चांगलं आहे. वीज कडाडली, लाईनीत झटका आला, तं हे अडवते."

"झटका अडवते गा. पण खांबावरचा न्यूट्रलचा तार तुटला तं? दोनशेतीस व्होल्टचे चारशे होते आन् तसेच राहते. मशीन जळून जाते. म्या पाह्यलं आहे, एका दुपारी अर्ध्या मोहल्ल्याचे टीव्ही गेले होते."

"मंग हे घ्या." ओमप्रकाशने चौथं खोकं उघडलं. आत पांढरा डबा होता, त्यावर दोन दिवे आणि आकड्यांची खिडकी. "हे व्होल्टेज पाहते. वर गेलं का लाईन कापते, खाली गेलं तरी कापते. लाईन बरोबर झाली का तीन मिनिटं थांबते, आन् मंगच चालू करते."

आनंदरावांनी डबा उलटासुलटा करून पाहिला. खोट काढायला जागा नव्हती. त्यांचा चेहरा आणखीच उतरला.

"तीन मिनिटं?"

"हाव."

"ते तीन मिनिटं काढून टाक. डायरेक्ट कर."

ओमप्रकाश बघतच राहिला. लोकांनी केलेली डायरेक्ट जोडणी खांबावर चढून उपटणारा, आणि वर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा माणूस हे बोलत होता.

"काकाजी, लाईन सारखी ये-जा करून राहिली तं मशीन..."

"मले शिकवतं का? मशीन बंद पडलं तं हे तीन मिनिटं काय करन?" त्यांनी प्रेमिलाकडे बोट केलं.

"सिलिंडर ठेवसान ना सोबत?"

"दोन ठेवले. पण उघडणार तं मीच ना. माहा हात थरथरला तं?"

त्यांनी हात खिशात घातला.

प्रेमिला इतका वेळ गल्लीकडे बघत होती. "ओमप्रकाशभाऊ," ती म्हणाली, "याले जोडा माहं मशीन. आन् लाईन बंद करून चालू करा."

"काहून वं?" आनंदराव ओरडलेच.

"पाहू द्या ना. आंघोळीले काढतेच का नाही मी नळी?"

"तवा मी दाराशी उभा राहतो."

"मंग आजही उभे राहा."

ओमप्रकाशने आनंदरावांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिचं ऐकलं. बटण खाली, बटण वर. मशीन कर्कश ओरडून गप्प झालं. डब्यावर लाल दिवा लागला आणि खिडकीत आकडे उलटे पळायला लागले. एकशे ऐंशी. एकशे एकोणऐंशी. प्रेमिलाने नळी काढून मांडीवर ठेवली.

आनंदराव दारापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. खिशातून बोटाला लावायचं ऑक्सिमीटर काढलं, तर तिने हात पदराखाली घेतला.

"सांचीले थंडी असन का हो आता? तुमचं स्वेटर काढा लागन."

"बोलू नको."

"बरं."

बाहेर दोन स्कूटर समोरासमोर अडकल्या होत्या आणि मागे घ्यायला कोणी तयार नव्हतं. नुसता हॉर्न चालला होता. नव्वदनंतर प्रेमिलाचे खांदे वरखाली व्हायला लागले. ओमप्रकाश आकडे बघायचं सोडून उगाच खोकी रचत बसला. पन्नासला आनंदरावांना राहवलं नाही. ते डब्याकडे झेपावले.

"उभे..." तिने दम घेतला, "राहा."

ते उभे राहिले. अकरा हजार व्होल्टच्या लाईनखाली त्यांनी पावसात काम केलं होतं. तेव्हा भीती वाटली नव्हती, ती सगळी आज वाटली.

तीन. दोन. एक. टक् झालं आणि हिरवा दिवा लागला. मशीन घरघरलं आणि नळीतून हवा फुसफुसायला लागली.

प्रेमिलाने नळी उचलली, पण नाकाला लावली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. डिसेंबरातल्या सकाळी त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, तोंड उघडं पडलं होतं आणि श्वास घ्यायचा राहूनच गेला होता. तिने नळी त्यांच्यासमोर धरली.

"घ्या," ती धापा टाकत म्हणाली, "आधी तुमी घ्या जरासा."