पडद्यावरच्या लाटा

आठवा नगही वाया गेला.

थोरलीने तो सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि डोळा लावला. मोहरीहून बारीक झडप. खालची नळी टणक आणि काचेसारखी नितळ. वरचा पडदा मऊ, आणि पडद्यावर पुन्हा त्याच लाटा. एक ठळक, एक पुसट. एक ठळक, एक पुसट. अकरा झाल्या की जरा कोरी जागा, मग उलट दिशेने पुन्हा अकरा.

"खोलीची लांबीही अकरा पावलंच आहे," मागून सर म्हणाले. प्रयोगशाळा त्यांची, यंत्र तिच्या हाताखालचं. "बाई, खरं सांगा. काम चालू असताना तुम्ही आत फेऱ्या मारता?"

"माझे दोन्ही पाय धड आहेत, सर."

सर पुन्हा एकदा भिंगात डोकावले. लाटा पाडणारा जो कुणी होता, तो एक पाय ओढत होता. दिसत त्यांनाही होतं, नुसतं बोलवत नव्हतं.

काम तसं साधं. द्रवात लेझरचा ठिपका फिरायचा. तो जिथे टेकेल तिथला द्रव घट्ट व्हायचा, उरलेला धुऊन काढायचा. आधी नळी. मग दार उघडून आत जायचं, नळी धुवायची, दुसरा द्रव घालायचा, बाहेर येऊन दार लावायचं. मग पडदा: आधी त्याचा बाजूचा तात्पुरता आधार, मागून तो स्वतः. पांढऱ्या उजेडाने द्रव नासतो म्हणून आत पिवळा दिवा. यंत्र चालू असताना तिथे कुणी थांबायचं नाही. कुणी नुसतं चाललं तरी कामात लाट उमटते.

उद्या सकाळी धाकट्या बहिणीच्या डोळ्यात ही झडप जायची होती. तिचा एक डोळा सात वर्षांपूर्वीच गेला होता. उरलेल्याचा दाब दिवसागणिक चढत होता; आतलं जादा पाणी बाहेर सोडून तो उतरवायचं काम झडपेचं. लाटा असलेला पडदा नीट मिटत नाही. तसला बसवण्यापेक्षा नसलेला बरा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. आणि पडद्याचा मऊ द्रव उरला होता दोन नगांपुरता.

नवव्या नगाला सर स्वतः खोलीच्या काचेबाहेर तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. खोलीची किल्ली मुठीत. दोघांच्या डोळ्यांदेखत आत चिटपाखरू नव्हतं. पडदा निघाला तो तसाच. अकरा आणि अकरा.

"वरच्या मजल्यावर कुणी चालत असेल."

"वर गच्ची आहे, सर."

"मग गच्चीत असेल."

"तिला कुलूप आहे. किल्ली तुमच्याच खिशात आहे."

खोलीची किल्ली तिच्यापुढे ठेवून सर चहाला निघून गेले.

तेवढ्यात धाकटीचा फोन आला. "ताई, जमत नसेल तर आत्ताच सांग. म्हणजे आज काय ते बघून घेते."

"काय बघणारेस?"

"तुझं तोंड. दुसरं बघण्यासारखं काय ठेवलंयस?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "उभी असशील. बस जरा. अप्पांसारखं नको करूस."

अप्पा म्हणजे त्यांचे वडील. पस्तीस वर्षं साहेबांच्या दाराबाहेर शिपाई म्हणून उभे. जिन्यावरून पडून पाय अधू झाला, तरी उभेच. घरातसुद्धा कुणी "बसा" म्हटल्याशिवाय टेकायचे नाहीत. "स्वतःच्या घरात पाहुणा झालाय हा माणूस," आई वैतागायची. धाकटीच्या पहिल्या ऑपरेशनला ते बंद दारासमोर सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. थोरली कागदांमागे धावत होती. दहादा त्यांच्या समोरून गेली, पण एकदाही तिला तो शब्द सुचला नाही. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, त्यांनी मान हलवली, आणि अप्पा उभ्याउभ्याच कोसळले, ते गेलेच.

थोरलीने फोन ठेवला. नळी दर वेळी नितळ. बिघडतो तो पडदाच. दोन्हींच्या मधे घडतं काय, तर ती दार उघडते.

म्हणजे नळी होईपर्यंत ते दाराबाहेर उभे असतात. इथे. तिच्या पाठीशी.

तिने वळून पाहिलं नाही.

दहाव्याची नळी झाली. तिने दार उघडलं आणि मोठं माणूस मागून येत असावं तसं क्षणभर धरून ठेवलं. नळी धुतली, उरलासुरला द्रव घातला. मग भिंतीकडचं स्टूल ओढलं आणि पांढऱ्या कोटाच्या टोकाने पुसलं.

"अप्पा," ती म्हणाली. सात वर्षं अडकलेला शब्द सहजासहजी निघेना. "अप्पा, बसा."

बाहेर येऊन तिने दार लावलं आणि चाळीस मिनिटं काचेकडे पाठ करून उभी राहिली.

नग आधी सरांनीच पाहिला. "जमलं की हो, बाई. बाजूच्या आधारावर थोड्या लाटा आहेत, पण तो आपण तोडूनच टाकतो. पडद्याच्या काठाला एक रुंद लाट आहे, तेवढी चालेल. पुढे सगळं लोण्यासारखं." आधार तोडायचा चिमटा आणि डबी आणायला ते लगबगीने गेले.

थोरलीने डोळा लावला. आधारावर ठळक, पुसट, ठळक. तिने मोजल्या. सात. दारापासून स्टूल सात पावलांवर होतं. मग काठावरची ती एकच रुंद लाट, पुष्कळ दिवसांचं ओझं खाली ठेवल्यासारखी.

"चला," दारातून सर म्हणाले. "डॉक्टर थांबलेत. काय शोधताय एवढं?"

ती पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा पाहत राहिली. उठल्याची खूण कुठेच नव्हती.