दारावरच्या दोन थापा

“एकतीस वर्षं! एकतीस वर्षं रोज चालवली, पण बाईसाहेबांनी रस्त्यात एकदाही दगा दिला नाही,” नवरा माईकवरून म्हणाला, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या बायकोच्या घशात बिस्किट अडकलं.

बाईसाहेब म्हणजे गाडी. सायीच्या रंगाची, दोन दारांची, मीटर तपासणाऱ्याच्या पगारात बसली म्हणून घेतलेली. मैदानावर अशा चाळीसेक जुन्या गाड्या मांडल्या होत्या. बहुतेक ट्रकवर चढवून आणलेल्या. रोजच्या वापरातल्या गाडीला मात्र वेगळा चषक होता, आणि तो ह्यालाच मिळणार हे कालच फोनवर कळलं होतं. आधी दोन आठवणी सांगायच्या, मग गाडी चालवत स्टेजसमोरून न्यायची, की चषक हातात.

दगा दिला नाही हे तसं खोटं नव्हतं. रस्त्यात बंद पडायला आधी सुरू तर व्हायला हवी! रोज सकाळी तो ऐटीत आत बसायचा, खिडकीतून हात बाहेर काढून दारावर दोन थापा मारायचा, आणि ही सँडल काढून अनवाणी मागून ढकलायची. सँडल घसरते. इंजिन धडधडलं की धुराचा लोट हिच्या तोंडावर. तो हात हलवून कामावर जायचा आणि ही नळाखाली चूळ भरायची. चूळ काळी यायची. तीन वर्षांपूर्वी हिचे गुडघे गेले तेव्हा कुठे ढकलणं थांबलं. तेव्हापासून तो गाडी पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर लावतो, आणि तिथवर चालत जावं लागतं म्हणून रोज कुरकुरतो.

“तुझंही सांगणार आहे हं मी,” सकाळी टायची गाठ मारताना तो म्हणाला होता. त्या एका वाक्यासाठी ती आली होती. नाहीतर बॉनेटवरून लाडालाडानं हात फिरवणारे हे म्हातारे बघायची तिला काही हौस नव्हती. मघाशी एकानं तर हेडलाइटचा मुका घेतला होता. तिला शिसारी आली होती.

“आमची लेक जन्मली,” नवऱ्याचा आवाज आता ओलावला, “तेव्हा दवाखान्यातून तिला ह्याच गाडीतून घरी आणलं. माझ्या मांडीवर होती. एवढीशी! इंजिन सुरू झालं आणि पोर हसली हो.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी डोळे टिपले. त्यांच्या यजमानांची गाडी ट्रकवर आली होती.

“तुमचे मिस्टर किती छान बोलतात! आणि तुम्ही कुठे होता तेव्हा? मागे?”

“मागेच होते.”

“मागच्या सीटवर?”

“नाही. मागे.”

बाईंना काही कळलं नाही. चार दिवसांची बाळंतीण, पोटाला टाके, आणि दारावर दोन थापा. दवाखान्याच्या फाटकातला पहारेकरी बघत उभा राहिला होता. ती वाट बघत राहिली. आता सांगेल. आता तरी. नवऱ्यानं रुमाल काढला, डोळ्यांना लावला, आणि त्याच रुमालानं माईकवर उडालेली थुंकी पुसली.

“थोडक्यात काय, हिची साथ नसती तर मी कुठेच पोचलो नसतो,” तो म्हणाला. तिनं मान वर केली. त्याचं बोट गाडीकडे होतं.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. तिनं उरलेलं बिस्किट खुर्चीखाली टाकून दिलं.

टाळ्यांच्या गजरात नवरा गाडीत जाऊन बसला. गाडी स्टेजला लागून, सपाट जागेवर होती. “अहो, उतार बघून लावा,” असं तिनं सकाळीच सांगितलं होतं. “आज कसला उतार? फोटो काढणार आहेत,” म्हणून त्यानं तिला उडवून लावलं होतं, आणि फोटोत झळकावेत म्हणून तेव्हापासून दोन्ही दिवेही चालू ठेवले होते.

त्यानं किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. या वेळी नुसतं कट् झालं.

खिडकीतून हात बाहेर आला. दारावर दोन थापा पडल्या.

“बघा, बघा!” सूत्रसंचालक माईकवर ओरडला. “शाबासकी देताहेत लाडकीला!”

लोक खूश होऊन हसले. बाईंनी तर उठून फोटोही काढला. आणि मग त्यांचं लक्ष शेजारी गेलं.

“अहो, तुम्ही का उभ्या राहिलात?”

ती उभी होती. कधी उठली ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. तिनं खाली पाहिलं. दोन्ही सँडल काढलेल्या होत्या, खुर्चीपाशी नीट जोडीनं ठेवलेल्या. पाय अनवाणी गवतावर होते, उजवा थोडा पुढे, टाच उचललेली. नवऱ्याची नव्हे, गाडीचीही नव्हे, त्या उचललेल्या टाचेची तिला इतकी किळस आली की तिनं ती दाणकन जमिनीवर टेकवली.

गाडीतला आरसा हलला. त्यात नवऱ्याचे डोळे होते, आणि ते तिलाच शोधत होते.

ती खुर्चीवर बसली. एक सँडल पायात घातली. मग दुसरी.

दारावर पुन्हा दोन थापा पडल्या, या वेळी जरा जोरात.

तिनं वाकून सँडलचा पट्टा आणखी एक भोक घट्ट केला.