बिस्किट

टूसानमधली माणसं मी त्यांच्या अलार्मवरून ओळखतो. दार कोण नीट लावत नाही, मांजर कोणाचं मोकाट, सगळं घरोघरच्या अलार्मवर नजर ठेवणाऱ्या आमच्या कंपनीत बसल्या जागी कळतं. व्हर्ना टिझडेलबाईंच्या अलार्म-परवान्यावर यंदा चार खोटे अलार्म लागले होते. पाचवा लागला की परवाना रद्द. मग अलार्म कितीही बोंबलला तरी पोलीस फिरकत नाहीत.

मंगळवारी भर दुपारी त्यांच्या मागच्या खोलीचा अलार्म वाजला. नियमाप्रमाणे मी आधी त्यांच्या घरच्या फोनवर विचारलं.

"अरे कर्टिस, एसीनं पडदा हलला असेल!" बाई हसल्या. "पोलीस पाठवलेस तर याद राख! परवाना घालवशील माझा."

"पासवर्ड, बाई?"

"बिस्किट." त्यांच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव. मी अलार्म रद्द केला.

फोन ठेवतो न ठेवतो तोच त्यांचा मोबाइलवरून फोन आला. आवाज दबका, धाप लागलेली.

"कर्टिस, मी बाथरूममध्ये कडी लावून बसलेय. आत्ता हॉलमध्ये माझ्या आवाजात तुझ्याशी कोण बोललं रे?"

"पाहुणं आलंय का कुणी?"

"माझ्याकडे? चेष्टा करतोस? पोलीस पाठव."

रद्द केलेला अलार्म पुन्हा उठवायलाही पासवर्ड लागतो. मी विचारला.

"बिस्किट," बाई कुजबुजल्या.

"बिस्किट," त्याच फोनवर, त्यांच्या कानाला लागून, त्यांचाच आवाज हसत म्हणाला. "राहू दे रे कर्टिस. मी बघते."