ओळखीचा चेहरा

"थांबा. पुन्हा पहिल्यापासून," बाई म्हणाल्या.

मालकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिस त्यांचं, टेबल त्यांचं, आणि ते स्वतः मात्र धडा न आलेल्या पोरासारखे भिंतीशी उभे. खुर्चीत बाई.

पण इलाज नव्हता. लिफ्टच्या अपघाताच्या चौकशी समितीपुढे मालकांनी स्वतः उभं राहून बोलायचं होतं. वकिलाची पोपटपंची तिथे चालणार नव्हती. लिफ्ट दुरुस्तीचा परवाना राहतो की जातो ते त्यावर ठरणार होतं, आणि परवाना गेला की कंपनीला टाळं.

कामगारांवर ओरडताना मालकांचा आवाज तीन मजले ऐकू जाई. पण समोर चार परकी माणसं खुर्च्या मांडून बसली की त्यांची बोबडी वळे. हात थरथरत, डोळ्यांत पाणी येई, आवाज चिरकत असे. मुलीच्या लग्नात पाहुण्यांचे आभार मानायला उभे राहिले, तर बापाचा गळा दाटून आला म्हणून निम्म्या बायका रडायला लागल्या. मालक नुसते घाबरले होते.

'सभेत न घाबरता बोलायला शिका' असं लिहिलेलं बाईंचं कार्ड मध्यंतरी त्यांना टेबलावर सापडलं होतं. ते कुणी ठेवलं हे त्यांनी विचारलं नाही. टेबलावर वस्तू आपोआप येतात अशीच त्यांची समजूत होती.

बाई शिकवत मात्र चोख. इथला चहा घेत नसत, पाणी स्वतःचं आणत, आणि लिफ्ट असताना चार मजले जिना चढून येत. "तेवढाच व्यायाम," म्हणत. लिफ्टवाल्याच्या ऑफिसात जिना चढून यायचं, हे मालकांना जरा झोंबे.

"हात मागे बांधा. वाक्य संपलं की श्वास. हं, बोला."

मालक बोलू लागले. दोन-चार वाक्यं बरी गेली. "त्या दुर्दैवी मुलीच्या मृत्यूचं मलाही..." घोडं नेमकं इथेच पेंड खाई. आवाज फुटला.

"त्या मुलीच्या म्हणजे? नाव घ्या तिचं."

मालकांनी कागदात पाहिलं. पान उलटलं. मग खालचा कागद वर घेतला. बाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि तिकडेच तोंड करून उभ्या राहिल्या.

"सापडलं?"

"कुणाकुणाची नावं लक्षात ठेवू हो?" मालक भडकले. "दोर जुना झाला होता, मान्य. पण गावभरच्या लिफ्टचे दोर मी स्वतः ओढून बघू? म्हणे तक्रार केली होती. तक्रारी रोज येतात! आणि तो तिचा मामा. रोज दारात येऊन बोंब मारतो. घरात आणखी कोण आहे देव जाणे. वकील म्हणाला, कुणाला भेटू नका. मी कशाला जातोय भेटायला? शिव्या खायला?"

बाई परत येऊन खुर्चीत बसल्या. बाटलीतलं पाणी प्यायल्या.

"आवाज फुटतो तुमचा," त्या म्हणाल्या. "ऐकणाऱ्यांना वाटेल, रडताय."

"छे! मला रडतोंड्या दिसायचं नाही. मी काय गुन्हा केलाय?"

बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"नाही दिसणार. ते माझ्याकडे लागलं," त्या म्हणाल्या. "आता ऐका. गर्दीकडे बघायचंच नाही. एक ओळखीचा चेहरा शोधायचा आणि सगळं त्यालाच सांगायचं. बाकीचे नाहीतच."

"माझ्या ओळखीचं तिथे कोण असणार? सगळे माझ्या जिवावर उठलेत."

"मी येईन. पहिल्या रांगेत बसेन."

मालकांना बरं वाटलं. बाई तोंडाने फटकळ, पण माणूस कामाचा, असं त्यांनी संध्याकाळी बायकोला सांगितलंसुद्धा.

सुनावणीचा हॉल गच्च भरला होता. मालक उभे राहिले तशी कुजबुज झाली. त्यांनी श्वास घेतला, हात मागे बांधले आणि पहिल्या रांगेत पाहिलं. बाई दिलेल्या शब्दाप्रमाणे आल्या होत्या. शेजारच्या खुर्चीत तो मामा डोळे वटारून बसला होता, पण बाकीचे नाहीतच.

मालक बोलले. आवाज कुठे चिरकला नाही, डोळ्यांत टिपूस नाही. दोर जुना होता हे मान्य केलं, पण देखभालीच्या नियमात तो बसत होता हे ठासून सांगितलं. मुलीचं नाव घेतलं, कागद न बघता. "तिच्या मृत्यूचं मलाही दुःख आहे," हे वाक्य तर बाजारभाव सांगावा इतकं साफ उतरलं. ते त्यांनी थेट बाईंच्या डोळ्यांत बघून म्हटलं. बाईंची पापणी लवली नाही.

भाषण संपलं. मागे कुणीतरी "दगड आहे दगड!" असं ओरडलं, त्याला शिपायाने खाली बसवलं.

समितीच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी चष्मा काढला. "फार सफाईने बोललात," ते म्हणाले. मालकांनी मान लववून आभार मानले. छाती हलकी झाली होती. जन्मात पहिल्यांदा त्यांचे तळहात कोरडे होते.

अध्यक्षांनी समोरचा कागद पाहिला. "आता मुलीच्या आईला बोलायचंय. आल्यात का त्या?"

मामाने आधाराला हात पुढे केला. तो बाजूला सारून बाई उठल्या. त्यांचे दोन्ही हात थरथर कापत होते, आणि त्यांनी ते मागे बांधले नाहीत.